रेअर अर्थ शोधणाऱ्या भारताला नजर देणारा स्टेशनमास्तरचा मुलगा : दाराशा वाडिया

मुंबई-नाशिक हायवेने जाताना मानकोली नाक्यावर एकदाही अडकला नाही, असा माणूस सापडणं कठीण. एका बाजूला कंटेनरची रांग, दुसऱ्या बाजूला गोदामांची रांग. त्या गोदामांत काय काय येतं? मोबाईल, इअरबड्स, कमी वीज खाणारे पंखे, इलेक्ट्रिक स्कूटरचे सुटे भाग. यातल्या बऱ्याच वस्तूंच्या पोटात एक बारकंसं पण भलतंच ताकदवान चुंबक असतं, आणि त्या चुंबकात निओडिमियम असतं. निओडिमियम म्हणजे १७ रेअर अर्थ मूलद्रव्यांपैकी एक. एप्रिल २०२५ मध्ये चीनने यातल्या ७ मूलद्रव्यांच्या निर्यातीवर बंधनं घातली आणि आपल्याकडच्या गाड्यांच्या कंपन्यांचीही झोप उडाली, ते तुम्ही वाचलंच असेल.

तेव्हापासून ज्याला त्याला दगडात रेअर अर्थ दिसायला लागलंय. मानकोलीच्या बाजूला राहणाऱ्या माझ्या एका मित्राने मध्यंतरी फोटो पाठवला. काळा दगड, आत पोकळी आणि पोकळीत पांढरेशुभ्र चमकणारे स्फटिक. खाली प्रश्न : हे रेअर अर्थ आहे का, विकलं तर किती मिळतील?

उत्तर होतं, नाही. पण हे नाही मी कशाच्या जोरावर म्हणतेय, हा खरा प्रश्न आहे. एखादा दगड हातात घेऊन तो काय आहे हे जागच्या जागी ओळखायचं, ही विद्या भारतात आली कुठून? आणि त्यासाठी लागणारी माणसं कुणी तयार केली? हे शोधत गेलं की एक नाव वारंवार समोर येतं. दाराशा नोशेरवान वाडिया.

हे तेच वाडिया, ज्यांच्या नावाने डेहराडूनला हिमालयाचा अभ्यास करणारी मोठी संस्था आहे. १९८४ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीटही निघालं. हिमालयाचा माणूस म्हणून ते प्रसिद्ध आहेत. त्यांच्या आयुष्याचा शेवटचा, वीस वर्षांचा टप्पा मात्र फारसा कुणी सांगत नाही, आणि आजच्या रेअर अर्थच्या गोष्टीशी त्याच टप्प्याचा संबंध आहे.

ऑक्टोबर १८८३ मध्ये सुरतेत त्यांचा जन्म झाला. आडनाव वाडिया, म्हणजे जहाजं बांधणाऱ्या प्रसिद्ध पारशी घराण्याशी नातं. पण घरात श्रीमंती वगैरे नव्हती. वडील रेल्वेत स्टेशनमास्तर. बदल्या आडगावच्या स्टेशनांवर, जिथे शाळेचा पत्ता नाही. म्हणून मुलं सुरतेत आजीकडे राहिली. दाराशा ११ वर्षांचे असताना कुटुंब बडोद्याला आलं.

बडोदा तेव्हा सयाजीराव गायकवाडांचं. शाळा, ग्रंथालयं, संग्रहालय, कॉलेज, सगळ्यावर महाराजांचा हात सैल. बडोदा कॉलेज मुंबई विद्यापीठाला जोडलेलं होतं. दाराशांनी तिथे आधी वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेऊन पदवी मिळवली आणि मग पुन्हा परीक्षेला बसून भूशास्त्र घेतलं. आज आपण करिअर चेंज म्हणतो तसलाच प्रकार, फक्त १९०५ च्या सुमारास. तेव्हा भूशास्त्र शिकवणारी कॉलेजं देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. प्रा. अदरजी मसानी हे निसर्गविज्ञानाचे शिक्षक आणि कॉलेजातला दगडांचा संग्रह, एवढ्या भांडवलावर हा मुलगा भूशास्त्रज्ञ झाला. परदेशी जाऊन पदवी आणणं परवडणारंही नव्हतं आणि ती त्यांनी आणलीही नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

१९०७ मध्ये जम्मूला प्रिन्स ऑफ वेल्स कॉलेज सुरू झालं आणि वाडिया तिथे प्राध्यापक म्हणून गेले. भूशास्त्राबरोबर इंग्रजीही शिकवायचे. तिथे १४ वर्षं काढली. सुट्टी लागली की बाकीचे घरी जायचे आणि हे पोरांना घेऊन डोंगरात. शिवालिकच्या टेकड्यांत त्यांना स्टेगोडॉन या हत्तीच्या नामशेष भाईबंदाची कवटी आणि सुळे मिळाले. त्या प्राण्याच्या शास्त्रीय नावात चक्क गणेश आहे.

शिकवताना त्यांच्या लक्षात आलं की भारताच्या भूशास्त्रावर विद्यार्थ्याच्या हातात देता येईल असं एकही धड पुस्तक नाही. माहिती होती, पण सरकारी अहवालांच्या जाडजूड बाडांत पसरलेली. ती त्यांनी एकट्याने गोळा केली आणि १९१९ मध्ये भारताच्या भूशास्त्रावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक लंडनच्या मॅकमिलनने छापलं. पुढच्या कित्येक पिढ्या त्यावरच शिकल्या. मानकोलीचा काळा दगड ज्याचा भाग आहे, त्या दख्खनच्या लाव्हाथरांवरही त्यात प्रकरण आहे.

१९२१ मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी, ते जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियात दाखल झाले. युरोपातली पदवी नसताना अधिकारी म्हणून घेतले गेलेले ते पहिले भारतीय. तोपर्यंत असा एक समज होता की भारतीय माणूस प्रयोगशाळेत ठीक आहे, पण डोंगरात एकट्याने नकाशा बनवणं हे साहेबाचं काम. वाडियांनी या समजाशी वाद घातला नाही. ते चालत राहिले.

पूंछ, काश्मीर, हजारा, नंगा पर्वत. नकाशात बघा, हिमालय आग्नेयेकडून येतो आणि नंगा पर्वताजवळ हेअरपिनसारखा गर्रकन वळून नैऋत्येकडे जातो. का वळतो? वाडियांनी तेच तेच थर वळणाच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत पावलापावलाने तपासले. थर तुटत नव्हते, वळणाभोवती गुंडाळले जात होते. म्हणजे या दोन वेगळ्या रांगा नव्हेत, रांग एकच. भारतीय द्वीपकल्पाच्या कडक खडकाचा एक सुळका उत्तरेला पुढे घुसलाय आणि मऊ थर त्याच्याभोवती वळलेत, असा त्यांनी अर्थ लावला. १९३१ मध्ये हे छापून आलं. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने पुढे १९४३ मध्ये त्यांना लायल पदक दिलं.

१९३८ मध्ये निवृत्ती. आणि तिथून गोष्टीला वेगळं वळण लागतं. निवृत्तीनंतर वाडिया श्रीलंकेत, म्हणजे तेव्हाच्या सिलोनमध्ये, सरकारी खनिजतज्ज्ञ म्हणून गेले. सिलोनच्या नद्यांच्या वाळूत रत्नं मिळतात हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच वाळूत जड, काळे, चौकोनी खडेही मिळतात. १९०४ च्या सुमारास तिथल्या खनिज सर्वेक्षणाच्या प्रमुखाने ते खडे वेगळे काढले आणि ते थोरियमचं नवीन खनिज निघालं, थोरियनाइट. तो प्रमुख कोण माहितीये? आनंद कुमारस्वामी. पुढे भारतीय कलेचे जगद्विख्यात अभ्यासक झाले ते हेच. जड लागतंय, मग साधा दगड नसणार, इतक्या साध्या शंकेतून असे शोध लागतात. वाडिया १९४४ पर्यंत याच खनिजांच्या देशात होते.

ते परत आले आणि थोड्याच काळात जग बदललं. हिरोशिमा झालं. युरेनियम आणि थोरियम या शब्दांना एकदम वजन आलं. देश स्वतंत्र झाला, होमी भाभांनी अणुऊर्जेचा कार्यक्रम हाती घेतला आणि पहिला प्रश्न उभा राहिला : कच्चा माल कुठे आहे? केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट आहे हे ठाऊक होतं. पण देशाच्या आतल्या डोंगराळ भागात काय आहे, ते कुणी या नजरेने पाहिलंच नव्हतं.

१९४९ मध्ये दुर्मीळ खनिजांच्या शोधासाठी एक छोटी तुकडी उभी राहिली आणि तिची सूत्रं वाडियांकडे आली. वय ६५ च्या पुढे. या वयात आपल्याकडे माणसं काशीयात्रेचा विचार करतात. हाताशी मूठभर तरुण भूशास्त्रज्ञ, गायगर काउंटर, तंबू आणि सगळा देश. याच तुकडीचा पुढे अणुखनिज विभाग झाला. १९५१ मध्ये सिंहभूममध्ये जादूगोड्याचं युरेनियम सापडलं, त्या शोधातही ही माणसं होती.

याच १९४९ मध्ये तिकडे कॅलिफोर्नियात काय झालं ते बघा. युरेनियमच्या मागे लागलेल्या दोघा हौशी शोधकांचा काउंटर माउंटन पास नावाच्या जागी टिकटिकला. त्यांना वाटलं, लॉटरी लागली. प्रत्यक्षात हातात आला एक फिकट तपकिरी, जड दगड. युरेनियम नाहीच. टिकटिक होती ती त्यातल्या थोड्याशा थोरियमची. तपासल्यावर कळलं की हे बास्टनेसाइट आहे, रेअर अर्थचं कार्बोनेट. तेव्हा याची फारशी किंमत नव्हती. पण साठच्या दशकात रंगीत टीव्ही आले, पडद्यावरच्या लाल रंगासाठी युरोपियम लागायला लागलं आणि तीच खाण जगाला रेअर अर्थ पुरवू लागली.

म्हणजे आपण आज ज्या खनिजासाठी धावतोय, ते बहुतेक वेळा दुसरंच काहीतरी शोधताना सापडतं. म्हणूनच ओळख महत्त्वाची.

आता तुम्ही म्हणाल, ओळखायचं कसं? बास्टनेसाइट दिसायला अगदी सामान्य असतं. मेणासारखं पिवळट ते लालसर तपकिरी, थोडं तुपकट चमकणारं. रस्त्यात पडलं असतं तर तुम्ही-आम्ही लाथ मारून पुढे गेलो असतो. भूशास्त्रज्ञ आधी ते तळहातावर तोलतो. साधं कॅल्साइट पाण्याच्या २.७ पट जड असतं, बास्टनेसाइट जवळजवळ ५ पट. तेवढ्याच आकाराचे दोन तुकडे दोन हातांत घेतले तर फरक डोळे मिटूनही कळतो. मग चाकूने ओरखडा. क्वार्ट्झवर चाकू चालत नाही, यावर चालतो. मग खिशातल्या ड्रॉपरमधून विरळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब. कॅल्साइट फसफसून उठतं. बास्टनेसाइट हे नावाला कार्बोनेट असूनही थंड विरळ आम्लाला जेमतेम दाद देतं. इथेच नवखा माणूस फसतो : फेस नाही, म्हणजे कार्बोनेट नाही, असं समजून दगड टाकून देतो.

आणखी एक गंमत आहे. निओडिमियम असलेला दगड छोट्या हातातल्या स्पेक्ट्रोस्कोपने पाहिला तर प्रकाशाच्या पिवळ्या पट्ट्यात काळ्या रेघा दिसतात. काही तुकडे उन्हात तपकिरी-गुलाबी आणि ट्यूबलाइटखाली हिरवट दिसतात. पण हे सगळं खडा डोळ्यांना दिसण्याइतका मोठा असेल तर. पुष्कळदा कण इतके बारीक असतात की हातात येतो तो फक्त संशय, आणि पक्कं उत्तर प्रयोगशाळाच देते. म्हणून मुरलेला माणूस आधी खनिज शोधत नाही, ते ज्यात राहतं तो खडक शोधतो.

तो खडक म्हणजे कार्बोनेटाइट. ऐकायला विचित्र वाटेल, पण हा चुनखडीसारखा दिसणारा आणि तरीही पृथ्वीच्या पोटातून वितळलेल्या स्थितीत वर आलेला खडक आहे. कित्येक वर्षं अनेक शास्त्रज्ञांचा यावर विश्वासच नव्हता. कार्बोनेटचा रस उसळतो हे कसं शक्य आहे? मग १९६० मध्ये टांझानियातल्या ओल दोइन्यो लेंगाई ज्वालामुखीतून तसला लाव्हा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बाहेर आला आणि वाद मिटला.

त्यानंतर तीनच वर्षांत, १९६३ मध्ये, भारतात बातमी आली. जागा : अंबाडोंगर, छोटा उदेपूरजवळ, नर्मदेच्या उत्तरेला. नदी ओलांडली की आपला नंदुरबार जिल्हा. नोंद करणारे दोघे. एक मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजचे प्रा. आर. एन. सुखेश्वाला, ज्यांनी त्याआधी मुंबई परिसरातल्या बेसॉल्टचा कसून अभ्यास केला होता. दुसरे अणुखनिज विभागाचे जी. आर. उदास. म्हणजे वाडियांनी सुरू केलेल्या तुकडीतला माणूस. वाडियांनी स्वतः अंबाडोंगरवर हातोडा मारला असं मी म्हणत नाहीये, शोध या दोघांचाच. पण असा माणूस तिथे पोहोचावा यासाठी लागणारी यंत्रणा १४ वर्षांपूर्वी एका निवृत्त म्हाताऱ्याने उभी केली होती.

अंबाडोंगर ओळखणं सोपं का नव्हतं, तर त्या पट्ट्यात खरीखुरी चुनखडीही आहे. जुन्या समुद्राच्या तळाशी साचलेली, बाघच्या थरांतली. रंग तोच, आम्लाला फेसही तसाच. फरक कळतो तो थोडं लांब उभं राहून पाहिल्यावर. चुनखडी थराथराने पसरते. इथे मात्र डोंगरांचं कडं आहे, गोल. हा खडक बाजूच्या वालुकाश्माला आणि बेसॉल्टला कापून वर घुसलाय, शेजारच्या खडकांचे तुकडे त्याने पोटात घेतलेत. साचलेली वस्तू असं वागत नाही. हिमालयात वाडियांनी जे केलं होतं तेच हे : एका तुकड्यावर भरवसा न ठेवता, पूर्ण डोंगराचा आकार पायाखाली घालायचा.

या कड्यात फ्लोराइट भरपूर निघालं आणि त्याच्यासाठी जवळच कडीपाणीला कारखाना झाला. बास्टनेसाइटसारखी रेअर अर्थ खनिजंही तिथे आहेत, पण बारीक कणांत विखुरलेली. वय सुमारे ६.५ कोटी वर्षं. म्हणजे दख्खनच्या लाव्हाच्याच काळातलं. मानकोलीचा काळा दगड आणि अंबाडोंगरचं कडं, दोघं एकाच महाउद्रेकाच्या काळातले. एकाच्या वाट्याला खडी क्रशर आला, दुसऱ्याच्या वाट्याला रेअर अर्थ.

त्याच १९६३ मध्ये वाडिया राष्ट्रीय प्राध्यापक झाले. भूशास्त्रात हा मान मिळवणारे ते पहिलेच. त्याआधी १९५७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचं सदस्यत्व आणि १९५८ मध्ये पद्मभूषण. १९६४ मध्ये जगभरचे भूशास्त्रज्ञ दिल्लीत परिषदेला जमले तेव्हा अध्यक्षपदावर ८१ वर्षांचे वाडिया होते. परदेशी पदवी नसलेला तोच मुलगा. १९६८ मध्ये हिमालयाच्या अभ्यासासाठी स्वतंत्र संस्था सुरू झाली, त्यामागेही तेच. अणुऊर्जेच्या कामात भूशास्त्रीय सल्लागार म्हणून ते शेवटपर्यंत होते. १५ जून १९६९ ला ते गेले.

मग रेअर अर्थचं पुढे काय झालं? इथे थोडं वाईट वाटतं. अणुखनिज विभागाला हवं होतं मुख्यतः युरेनियम आणि थोरियम. रेअर अर्थ हा बराच काळ सोबत येणारा पाहुणा. १९५० मध्ये स्थापन झालेली इंडियन रेअर अर्थ्स ही सरकारी कंपनी किनाऱ्याच्या मोनाझाइटवर चालली. ते फॉस्फेट, त्याची प्रक्रिया वेगळी आणि त्यात थोरियम असल्याने नियमही कडक. डोंगरातल्या कार्बोनेटला हात घालायची निकड कुणाला वाटली नाही. चीन मात्र याच काळात बायान ओबोच्या खाणीतल्या बास्टनेसाइटवर जगाचा बाजार ताब्यात घेऊन बसला. जुलै २०२५ मध्ये आपल्या सरकारने दिलेल्या आकड्यांनुसार गुजरात आणि राजस्थानच्या कठीण खडकांत मिळून सुमारे १२.९ लाख टन रेअर अर्थ ऑक्साइड आहे. पण जमिनीत असणं आणि चुंबकात असणं यात खाण, बारीक कण वेगळे करणं, मग एकमेकांना चिकटून बसलेली ही भावंडं रासायनिक पद्धतीने सोडवणं, असे बरेच टप्पे आहेत. दगड ओळखणारे आपण १९६३ मध्येच तयार होतो, पुढचे टप्पे राहिले.

राहता राहिला मित्राचा फोटो. पोकळीतले ते पांढरे स्फटिक झिओलाइट कुळातले वाटत होते. फोटोवरून पक्कं सांगणं हा अर्थात आगाऊपणा, म्हणून त्याला म्हटलं, दोन गोष्टी कर. हातात तोल. झिओलाइट बास्टनेसाइटच्या निम्म्यापेक्षाही हलकं. मग त्यावर थोडं लिंबू पीळ. बारीक बुडबुडे आले तर कॅल्साइट, नाही आले तर बहुतेक झिओलाइट. झिओलाइट हे नाव ज्या स्वीडिश माणसाने १७५६ मध्ये दिलं, त्या क्रोन्स्टेडने पाच वर्षं आधी बास्टनेस नावाच्या खाणीतल्या एका जड दगडाचंही वर्णन केलं होतं. त्या दगडात सेरियम हे नवीन मूलद्रव्य आहे हे कळायला १८०३ उजाडलं. बास्टनेसाइट हे नाव त्याच खाणीचं. मानकोलीचा दगड आणि रेअर अर्थ यांच्यातला संबंध शोधायचाच म्हटला तर तो एवढाच.

मित्राने संध्याकाळी कळवलं, बुडबुडे आले नाहीत, दगड हलका आहे आणि विकायचा बेत रद्द. शोकेसमध्ये ठेवलाय. असे आणखी आणि कितीतरी देखणे नमुने बघायचे असतील तर याच हायवेने नाशिक गाठून सिन्नरचं गारगोटी संग्रहालय बघा. फक्त मानकोलीहून जरा लवकर निघा, नाक्यावर कंटेनर लागायच्या आत.